रेडिओच्या पाठाला उभं राहायचं

६ सप्टेंबर

चि. मैनेस,
अनेक आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस. पत्राचं त्या मानानं बरं असतं. फाडून फेकायचं म्हटलं तरी आधी पाकीट हातात घ्यावं लागतं, आणि हातात घेतलं की बापाचं अक्षर दिसतंच. तेवढ्या भरवशावर लिहितो आहे.

तुझी लेक सुखरूप आहे. हे खरं तर पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, पण प्रस्तावनेशिवाय मुद्द्यावर यायचं नाही ही माझी जन्माची खोड. एक बॅग पाठीला लावून आली, मामाच्या, म्हणजे आपल्या दादाच्या, दारात उभी राहिली आणि 'आजोबा' म्हणाली. तिच्याकडे मराठीचे जे चारदोन शब्द आहेत त्यातला हा सगळ्यात स्वच्छ. मग तिला आत घ्यायचं नाही तर काय करायचं होतं, सांग? तिला ठेवून घेतलं म्हणून तू माझ्यावर रुसलीस, दादावर रुसलीस. रुस. पण तुमच्या दोघींचं नेमकं बिनसलं कशावरून, हे ती सांगत नाही आणि तूही कळवत नाहीस. माझी अवस्था कवितेचं मधलं कडवं फाटलेलं पुस्तक हाती आलेल्या विद्यार्थ्यासारखी झाली आहे.

तिला विचारायचं म्हणजे इंग्रजीत विचारायला हवं. इथेच घोडं पेंड खातं. काल जेवताना मी तिला इंग्रजीत म्हटलं, जरा मीठ दे. ती म्हणाली, "सॉरी?" मी पुन्हा म्हटलं, सावकाश, एकेक अक्षर सोडवून. ती आणखी ओशाळली. शेवटी दादानं तेच वाक्य, त्याच शब्दांत, तिच्याकडे बघून म्हटलं आणि तिनं मीठ दिलं. म्हणजे माझ्या मुलानं माझ्या इंग्रजीचं इंग्रजीत भाषांतर केलं. जन्मभर ही भाषा शिकवली मी, मैने. मीठ घातलं, पण जेवण अळणीच लागलं.

सूनबाई हसून हसून लाल. म्हणाली, "आप्पा, तुम्ही पुस्तकातलं बोलता, ती तोंडातलं बोलते." तिचं म्हणणं खोटं नाही.

माझं बरं चाललं आहे. घराखालीच इंग्रजीचा क्लास आहे हे मागं लिहिलं होतं. दादाच्या या परक्या देशात इंग्रजी कुणाचीच मायबोली नाही, पण इथल्या लोकांना तिचं फार वेड. क्लासच्या बाईंनी मला निबंध तपासायला ठेवलं आहे. प्लायवूडच्या आडोशामागे माझं टेबल, लाल पेन आणि वह्यांचा गठ्ठा. पुढच्या मोठ्या खोलीत उंच मास्तर शिकवतात. गोरेपान, गवतासारखे पिवळे केस. नवा विद्यार्थी आला की आधी त्यांच्याकडे बघतो आणि मग नाव नोंदवतो. मला कुणी बघत नाही, आणि त्याचं मला काही नाही. लाल पेन कुणाच्या हातात आहे हे वहीला कळत नाही.

तुझ्या लेकीनं कुठल्याशा ऑफिसात काम धरलं आहे म्हणे. दुपारी जाते, रात्री येते. कुठं, ते सांगत नाही. खुशाली कळव.

तुझा,
आप्पा


१९ सप्टेंबर

चि. मैनेस,
आशीर्वाद.

उत्तर नाही. असो. आज तुला एक गंमत सांगायची आहे, आणि ती तुझ्याखेरीज कुणाला कळणार नाही.

आपल्या शाळेत रेडिओवर इंग्रजीचा पाठ लागायचा, आठवतो? खिडकीतला तो रेडिओ, त्यावर भरतकामाचा रुमाल. मी विद्यार्थी होतो तेव्हा आमच्या हेडमास्तरांचा शिरस्ता होता की पाठ सुरू झाला की सगळ्या वर्गानं उभं राहायचं. "साहेबाचा आवाज आहे, बसून ऐकायचा नसतो." साहेब खोक्यात आहे, त्याला आम्ही दिसत नाही, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. पुढं मी मास्तर झालो तरी तोच शिरस्ता चालू ठेवला. कुणी ठेवायला सांगितलं नव्हतं. तूही उभी राहिली आहेस, पुढच्या बाकावर, दोन वेण्या, नजर रेडिओवर.

आणि पाठ संपला की कविता. बर्फात हरवलेल्या कोकराची. आपल्यापैकी कुणी बर्फ पाहिलेला नव्हता, म्हणून मी घरून उशीतला कापूस आणायचो आणि टेबलावर पसरायचो. तुझी आई उशी चपटी झाली म्हणून ओरडायची. मी तुम्हाला सांगायचो, ताठ उभं राहा, घसा साफ करा, मग सुरुवात. तू दोनदा खाकरायचीस, छोटंसं, चिमणीएवढं, आणि मग असं म्हणायचीस की मला त्या कापसातून कोकराचे कान दिसायचे. म्हणून तर तू मैना.

तर गंमत अशी. क्लासात पुढच्या अंगाला एक काचेची खोली आहे, फोनच्या तासाची. दुकानदार, बायका, नोकरदार, ज्यांना येऊन बसायला सवड नाही ते संध्याकाळी फोन करतात आणि मिसशी इंग्रजीत बोलतात. काचेला आतून कागद लावला आहे आणि दारावर मिसचा मोठा फोटो, सोनेरी केस, कानाला हेडफोन, दात असे की मोत्यांनी लाजावं. ही मिस नवीन आली आहे. मी तिला पाहिलेलं नाही. पण आज दार चुकून किलकिलं राहिलं आणि आडोशावरून तिचा आवाज आला.

मैने, काय सांगू! ओढ्याच्या पाण्यासारखी इंग्रजी. कुठं दगड नाही, कुठं शेवाळ नाही. कुणा घाबरलेल्या माणसाला ती सांगत होती की सावकाश बोला, मी आहे, मला घाई नाही. मी निबंध तपासत होतो. आणि बघतो तर मी उभा. हातात लाल पेन, पाठ ताठ, वहीवर पेनाचा भला मोठा ठिपका. या वयात गुडघे ज्या माणसाला दोनदा विचारल्याशिवाय उठू देत नाहीत तो माणूस स्प्रिंगसारखा उठला! मीच मला हसलो आणि बसलो.

मनात आलं, आपल्या पोरीनं या मिसकडून चार धडे घ्यावेत. तिची इंग्रजी फार घाईची, अर्धी गिळलेली. अस्सल आवाज कसा असतो तो तिनंही ऐकावा.

तुझा,
आप्पा


२७ सप्टेंबर

चि. मैनेस,

मागचं पत्र अजून फाडलं नसशील तर आता फाड. तुझा बाप गाढव आहे.

काल पाणी आणायला उठलो आणि काचेच्या खोलीचं दार उघडलं. सोनेरी केसांचा फोटो बाजूला सरकला आणि त्याच्यामागून तुझी लेक बाहेर आली. हातात रिकामी बाटली. माझ्याकडे बघून ती थिजली, तिच्याकडे बघून मी. मी विचारलं, "मिस कुठं आहे?" विचार कर. हेच विचारलं मी. आणि या वेळी माझं इंग्रजी तिला एका फटक्यात कळलं.

"मीच," ती म्हणाली.

मग मागच्या जिन्यात बसून तिनं सांगितलं. ती सावकाश बोलली आणि मी नीट ऐकलं, आणि काय आश्चर्य, आम्हा दोघांना एकमेकांचं कळलं. बाईंच्या जाहिरातीत होतं की जन्मापासून इंग्रजी बोलणारी व्यक्ती हवी. ही गेली. बाईंनी विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

हिनं सांगितलं, जिथं जन्मली तिथली.

"हो, पण मूळच्या?"

"तिथलीच."

"तसं नाही हो. मूळच्या म्हणजे... आई-वडील?"

हिनं सांगितलं. बाई म्हणाल्या, "बघा, मला तुमचं इंग्रजी पटतं. पण लोकांना चेहरा लागतो. तुम्ही फोनवर राहा. मागच्या जिन्यानं येत जा." वाईट बाई नाहीत, मैने. त्यांच्या बोलण्यात लाज होती, असं पोर म्हणते. लाजत लाजत का होईना, फोटो त्यांनी दारावर ठोकलाच.

आणि याच्यावर कडी ऐक. उंच मास्तरांच्या घरी इंग्रजी कुणी बोलत नाही. त्यांच्या आईला ती येतही नाही. कॉलेजात गेल्यावर शिकले. आईचा फोन आला की ते गच्चीवर जातात, कारण खाली स्वतःच्या भाषेत बोलायचं नाही असं बाईंनी बजावलं आहे. सगळ्या इमारतीत आईच्या दुधाबरोबर इंग्रजी प्यालेली एकच व्यक्ती, आणि ती फोटोच्या मागं.

मला मात्र बाईंचा राग धरायला जागा नाही. आवाज कानावर आला तेव्हा मी उठून उभा राहिलो आणि चेहरा समोर आला तेव्हा विचारलं, मिस कुठं आहे. घरात रोज ऐकतो तोच आवाज होता ग. जेवणाच्या टेबलावर तो मला घाईचा वाटत होता.

तुझा,
आप्पा


११ ऑक्टोबर

चि. मैनेस,

आज तुला न सांगण्यासारखं सांगणार आहे. पोरीनं 'आईला लिहू नका' असं म्हटलेलं नाही. म्हणून लिहितो.

फोनच्या तासाला एक पियानोवाले आहेत. घरोघर जाऊन पियानो जुळवून देतात. एक तार केसभर उतरली तरी त्यांच्या कानाला बोचते. तुझ्या लेकीचे सगळ्यात लाडके विद्यार्थी. त्यांची मुलगी तुमच्याकडेच कुठंशी परदेशी दिली आहे, नातवाशी बोलता यावं म्हणून या वयात इंग्रजी शिकतात. पोरीला रोज म्हणायचे, "मिस, तुमचा शब्दन् शब्द कळतो. इतरांचं नाही कळत."

परवा ते न सांगता आले. कोट घालून, फुलं घेऊन. नातवाशी पहिल्यांदा फोनवर बोलणं झालं होतं, त्याचं सुख मिसला समक्ष सांगायचं होतं. बाई बाहेर गेलेल्या. पोर खोलीतून आली आणि हसून पुढं झाली. त्यांनी तिला फुलं धरायला दिली आणि म्हणाले, "मिसना बोलावता का जरा?"

ती म्हणाली, "मीच ती."

"सॉरी?" ते म्हणाले.

तिनं पुन्हा सांगितलं. त्यांनी कान पुढं केला, कपाळाला आठ्या घातल्या. मग उंच मास्तरांकडे वळून इथल्या भाषेत म्हणाले, "या बाईंचे उच्चार मला समजत नाहीत. वेगळेच आहेत." मी आडोशाला होतो, सगळं पाहिलं. ते खोटं बोलत नव्हते, मैने. त्यांना खरंच तसं ऐकू येत होतं. एवढा तयार कान, आणि डोळ्यांनी त्याच्यावर हात ठेवला.

पोर त्या फुलांसकट घरी आली. सूनबाईनं ती पाण्यात ठेवली. पोर खिडकीपाशी बसून राहिली आणि मग तुमच्या भांडणाचं फाटलेलं कडवं माझ्या हाती आलं.

तुझ्या औषधांच्या दुकानात कुणा गिऱ्हाइकानं तुला म्हटलं होतं की दुसऱ्या कुणाला बोलवा, तुमचं बोलणं कळत नाही. ही तेव्हा लहान होती आणि काउंटरच्या मागं बसून चित्रं रंगवत होती. तिला ते आठवतं. त्यानंतर तू घरात मराठी बंद केलीस, तिच्या जिभेला आपल्या जिभेची छटा लागू नये म्हणून. मला तेव्हा फार लागलं होतं. का बंद केलीस ते तू कधी सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही.

आणि या उन्हाळ्यात हिच्या मैत्रिणी घरी आल्या असताना हिनं तुझी नक्कल केली. इंग्रजी बोलायच्या आधी तू दोनदा खाकरतेस ना, ते. पोरी हसल्या. तू स्वयंपाकघराच्या दारात ट्रे घेऊन उभी होतीस.

हे सांगताना ती रडली नाही. म्हणाली, "आजोबा, मला वाटायचं आई घाबरते म्हणून खाकरते."

मी तिला कापसाचा बर्फ सांगितला. कोकरू सांगितलं. ताठ उभं राहा, घसा साफ करा, मग सुरुवात. हे तुझ्या आईला मी शिकवलं आहे, म्हटलं. कविता म्हणायची असली की असंच करतात.

तिनं पाण्यातली फुलं सारखी केली. मग विचारलं, "म्हणजे ती दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकापुढं कविता म्हणायला उभी राहते?"

तुला सांगतो, इतकी वर्षं मी कविता शिकवली, पण कवितेवर इतका चांगला प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

तुझा,
आप्पा


२४ ऑक्टोबर

चि. मैनेस,

गेल्या आठवड्यात क्लासचं स्नेहसंमेलन झालं. सगळे विद्यार्थी, त्यांची घरची माणसं, खुर्च्या कमी पडल्या. बाईंनी बेत असा केला होता की फोनच्या मिस जरा लाजाळू आहेत, त्या आतूनच माइकवर स्वागत करतील. पोरीनं मान डोलावली. सकाळी मला म्हणाली, "आजोबा, येणार ना?" मी म्हटलं, येणार. इस्त्रीचा कोट घातला. सूनबाई म्हणाली, "आप्पा, तपासनीस येणार आहेत का?"

शेवटच्या रांगेत बसलो. स्पीकरच्या खोक्यातून तिचा आवाज आला आणि माणसं सुखावली. काहीजण फोटोकडे बघून हात हलवत होते. आवाज म्हणत होता की तुम्ही इथं येता, चुकायला घाबरत नाही, याचं मला... आणि मध्येच थांबला. दार उघडलं. सोनेरी केस भिंतीकडे तोंड करून गेले. पोर माइक हातात घेऊन बाहेर आली आणि जिथं तुटलं होतं तिथूनच वाक्य पुढं नेलं. "...याचं मला कौतुक वाटतं, कारण मला चुकायची कधी पाळीच आली नाही. ही भाषा मला फुकट मिळाली. ती ज्यांनी कष्टानं मिळवली त्यांना मी हसले आहे."

आवाज त्याच खोक्यातून येत होता, पण खोलीत कुजबुज सुरू झाली. "ही कोण?" "दुभाषी असेल." "मिस कुठं आहेत?" बाईंनी डोळे मिटून घेतले. पोरीनं मागं दाराकडे पाहिलं. मला तिथून दिसत होतं, आता ती आत पळणार.

मी उभा राहिलो. न ठरवता उभा राहिलो असं लिहिलं तर ते खोटं होईल. खोक्यातल्या आवाजाला उभा राहिलो होतो तेव्हा शरीर आपणहून उठलं होतं. या वेळी मी ठरवलं, मग गुडघ्यांना विचारलं, मग पुढच्या खुर्चीला धरलं. खुर्ची अशी करकरली की सगळ्या माना मागं वळल्या. कोट सारखा केला आणि हात बाजूला घेऊन उभा राहिलो, हेडमास्तरांनी शिकवलं होतं तसा. पण चेहऱ्याकडे बघून.

मग उंच मास्तर उठले. मग फोनच्या तासाच्या तिघीचौघी बायका. बाकीचे बसूनच राहिले, काही तर निघूनही गेले. तुला खोटं चित्र रंगवून सांगत नाही. पियानोवाले उठले नाहीत. पण त्यांनी डोळे मिटले आणि मान तिरपी केली. आणि हळूहळू त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या.

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. एवढ्या लोकांत, माइकवर, ती म्हणाली, "आजोबा, बसा."

हा शब्द मी तिला शिकवलेला नाही. कुठून उचलला, तीच जाणे. सूनबाईच्या तोंडचा असेल. वर्गात उभं राहिलेल्याला बसा म्हणायचा हक्क मास्तरांचा असतो, मैने. मी बसलो.

पुढचं एवढं गोड नाही. काही विद्यार्थी समोरच्या क्लासला गेले. बाईंनी दोन दिवस गेलेल्यांची नावं खोडली. मग त्यांनीच फोटो काढला. "जे राहतील त्यांच्यावर चालवू," म्हणाल्या. दारावर खिळा तेवढा राहिला आहे. उंच मास्तर आईशी जिन्यातच बोलतात आता, मोठमोठ्यानं. त्यांची आई बहिरी असावी.

पोर रोज संध्याकाळी फोनजवळ असते. पण तुला फोन करत नाही. म्हणते, "काय म्हणू? इंग्रजीत माफी मागितली तर ते पुन्हा तेच झालं."

फोनच्या तासाचा नंबर खाली लिहितो आहे. कुणीही करू शकतं. विद्यार्थ्यानं नाव सांगितलंच पाहिजे असं नाही.

तुझा,
आप्पा


९ नोव्हेंबर

चि. मैनेस,

काल संध्याकाळी मी आडोशामागे होतो. काचेच्या खोलीचं दार आता उघडंच असतं, त्यामुळे ऐकू येतं. एक फोन आला. पोरीनं नेहमीसारखं स्वागत केलं. समोरून काही नाही. ती म्हणाली, सावकाश, मी आहे, मला घाई नाही. तरी काही नाही. मला वाटलं, आता ठेवून देईल.

तिनं ठेवला नाही. ती उभी राहिली. उघड्या दारातून मला तिची पाठ दिसत होती, ताठ. आणि मग तिनं दोनदा घसा साफ केला. छोटंसं. तुझी नक्कल नव्हती ग ती. वर्गात कवितेला उठलेल्या मुलीसारखी होती.

"आई," ती म्हणाली, आणि थांबली. तिच्याकडं पुढं शब्दच नव्हते. जो होता तो तिनं दिला. "आई, बसा."

त्यानंतर तिनं फोन कानाला किती वेळ धरला कुणास ठाऊक. मी वहीत डोकं घातलं. निबंधातलं एक अक्षर दिसत असेल तर शपथ.

बाहेर आली तेव्हा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. मी म्हटलं, "कोण होतं?" तिला माझं इंग्रजी कळलं. म्हणाली, "कुणी बोललंच नाही, आजोबा. पण आधी दोनदा खाकरलं कुणीतरी, आणि मी 'बसा' म्हटल्यावर कसलासा आवाज आला." आणि मग मला विचारते, "आई हसली की रडली? फोनवर कळत नाही."

मी म्हटलं, मी विचारून सांगतो.

तेव्हा तू कळव. घाई नाही. पण मैने, मला एक ठाऊक आहे. तो फोन करताना तू स्वयंपाकघरात उभी असशील, भिंतीला न टेकता, ताठ. लेकीनं बसा म्हटल्यावरही उभीच राहिली असशील, आणि हे वाचतानाही उभीच असशील.

खुर्ची ओढ, आणि बस आता, बाळ.

तुझा,
आप्पा